परसातील एका वर्षाची तजवीज

घाटंजी तालुक्यात कोरडवाहू कापसाचा पैसा वेचणीनंतरच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, घरात येतो. पेरणीपासून तोंवर गरीब कुटुंबाचा हात रिकामाच असतो. दान दिलेले धान्य महिन्यात सरते. परंतु चार कोंबड्या व परसातील भाजी नीट योजिल्यास वर्षभर आधार देतात. सबब दात्यांनी पुढील क्रम ध्यानी घ्यावा.

पावसापूर्वी काट्यांचे कुंपण व मुंगूस-मांजरापासून सुरक्षित असे खुराडे तयार असावे. मृगाच्या पावसावर वाल, दोडका व भोपळा लावावा. हिवाळ्यात सांडपाण्यावर मेथी व पालक घ्यावा. कोंबडखत कुजवूनच घालावे. हिवाळ्यात खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. २१ दिवसांत पिले निघतात. बदकांस सुमारे २८ दिवस लागतात. परंतु उन्हाळ्यात जेथे विहीर आटते, तेथे ती देऊ नयेत. राणीखेत रोगाने अख्खे खुराडे थोड्याच दिवसांत ओस पडते. म्हणून लस दिल्यावाचून एकही पक्षी वाटू नये.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्यानंतर पोचलेल्या देणगीतून बियाणे मिळेल, हंगाम मिळणार नाही. तरी व्यापारी, जमीनदार व इतर उदार सद्गृहस्थांनी आपले साह्य वैशाखातच पाठवावे, अशी सविनय विनंती आहे.