अल्प खर्चात चांगला आवाज : घरच्या स्टिरिओची निवड

आमच्या इचलकरंजीसारख्या कामगारांच्या गावात मोठी वस्तू घरात येते ती दिवाळीच्या बोनसवर किंवा भिशीचा नंबर लागल्यावर. ती आठ-दहा वर्षांतून एकदाच येते, आणि चुकीची आली तरी तीच सांभाळत बसावे लागते. म्हणून अशा खरेदीचा आधी अभ्यास करणे ही चैन नव्हे, गरज आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरी टी.व्ही.ला जोडण्यासाठी व गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ घ्यावा असे ठरले. १५,००० रुपयांच्या वर जायचे नाही, ही अट होती. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा ''तू शिकतेस, तूच बघ'' असे म्हणून वडिलांनी ते काम माझ्यावर सोपवले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. परंतु ग्रंथालयातील पुस्तके, विज्ञानशाखेच्या मैत्रिणींची मदत आणि दुकानांतून काढलेले सुटीचे काही दिवस यांतून जे हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम गरज ओळखावी

माणसाचा कान सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू शकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. बोलण्यातील अ, आ, ओ हे स्वर जोरकस असतात व त्यांचा भर खालच्या कंपनांवर असतो. स, श, त, थ, फ अशा व्यंजनांची ओळख मात्र मोठ्या प्रमाणात २,००० कंपनांच्या वरच्या पट्ट्यात होते, आणि हे आवाज मुळातच क्षीण असतात. गंमत अशी की शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा व्यंजनांवरच उभा असतो. 'सात', 'हात' आणि 'भात' यांतले पहिले अक्षर निसटले, तर उरतो तो नुसता नाद.

यंत्रमागाच्या कारखान्यातील गोंगाट ९० डेसिबलच्याही वर जातो. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा कान बहुधा प्रथम ४,००० कंपनांच्या आसपास अधू होतो. माझे वडील बावीस वर्षे मागावर आहेत. त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. त्यात आजच्या पातळ टी.व्ही.चे स्पीकर लहान, आणि त्यांचे तोंड बहुधा खाली किंवा मागे असते. वडील आवाज वाढवत जातात, शब्द काही उलगडत नाहीत, आणि आतल्या खोलीत बारावीचा अभ्यास करणारा भाऊ दार लावून घेतो. तेव्हा आम्हांला हवा होता तो स्पष्ट आवाज. मोठा आवाज तर घरात आधीच होता.

कानांची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे व ती आधी करून घ्यावी. कोणताही स्पीकर श्रवणयंत्राची जागा घेऊ शकत नाही. पण गरज अशी नेमकी ठरली, की पुढील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

वॅटचे गौडबंगाल

दुकानात गेल्याबरोबर आपल्यापुढे वॅटचे आकडे टाकले जातात. खोक्यावर दोन हजार, पाच हजार वॅट असे ठळक छापलेले असते. त्याशेजारी 'पी.एम.पी.ओ.' ही अक्षरे असतील तर तो आकडा सरळ विसरून जावा. क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीचा तो आकडा असतो. तो काढण्याची सर्वमान्य पद्धत नाही. 'आर.एम.एस.' या अक्षरांपुढील आकडा त्या मानाने विश्वासाचा, कारण यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते ते तो सांगतो.

याहून सोपी परीक्षा म्हणजे यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचावी. विजेचा वापर किती, हे तेथे छापलेले असते. जे यंत्र भिंतीतल्या प्लगमधून ६० वॅट घेते, ते सतत २,००० वॅट देणार कोठून?

मुळात घराला किती वॅट लागतात? स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' दिलेली असते. समजा ती ८६ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिला असता १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात, आणि दोन स्पीकर असल्याने सुमारे ३ वाढतात. म्हणजे २ मीटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक स्पीकरच्या केवळ १ वॅटवर ८३ डेसिबल मिळतात. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आपण ७० डेसिबलवर ऐकत असलो, तर प्रत्यक्षात एका वॅटचा विसावा भाग खर्च होतो. मध्येच तबल्याची थाप २० डेसिबलने उसळली, तरी ५ वॅट पुरतात. म्हणून दहा बाय बाराच्या खोलीला प्रत्येक बाजूस २० ते ३० खरे वॅट भरपूर झाले. शक्ती दुप्पट केली तरी वाढतात केवळ ३ डेसिबल, हेही ध्यानात ठेवावे.

दोन स्पीकर की सहा?

''ताई, एवढ्याच पैशांत सहा मिळत असताना दोन कशाला घेता?'' हा प्रश्न मला तीन दुकानांत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

दोन स्पीकरांची कल्पना इंग्लंडमधील अभियंता अॅलन ब्लुमलाइन याने १९३१ साली पेटंटसाठी मांडली. पडद्यावरचा नट एका बाजूस आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूस, हे त्याला खटकले होते असे सांगतात. डाव्या व उजव्या कानाला मिळणाऱ्या आवाजातील सूक्ष्म फरकावरून मेंदू आवाजाची जागा ठरवतो, या तत्त्वावर स्टिरिओ उभा आहे. होम थिएटरमध्ये समोर तीन, बाजूला किंवा मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो, याला ५.१ म्हणतात. चित्रपटासाठी ही रचना उत्तमच. मधला स्पीकर मुख्यतः संवादांसाठी असतो, आणि बाजूला बसलेल्यालाही त्यामुळे संवाद पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात.

अडचण पैशाची आहे. १५,००० रुपये सहा पेट्यांत, एका अॅम्प्लिफायरमध्ये आणि वायरमध्ये वाटले, तर प्रत्येक पेटीच्या वाट्याला काय येणार? स्वस्त संचांतील पेट्या तळहाताएवढ्या असतात. त्यांना खर्ज झेपत नाही, म्हणून तो भार सबवूफरवर टाकला जातो. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपने साधारण ८५ ते १५५ असतात. तीही सबवूफरकडे गेली, की बातम्या सांगणारा गृहस्थ कोपऱ्यातल्या रांजणातून बोलल्यासारखा वाटतो. चित्रपटातील स्फोट मात्र दणदणीत होतो, आणि दुकानात नेमका तोच ऐकवतात.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. आपल्याकडे गणेशोत्सवात स्पीकरच्या भिंतीलाच 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावले ते ध्वनिफितीतील अनावश्यक खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे! गोंगाट घटवणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाला दिले.

तात्पर्य, थोड्या पैशांत सहा कमकुवत स्पीकरांपेक्षा दोन चांगले बरे. लहान खोलीत दोहोंच्या मधोमध बसले, तर संवाद मध्यातूनच येतात. वेगळ्या स्पीकरची उणीव फारशी भासत नाही.

पैशाची वाटणी

निम्म्याहून अधिक पैसे स्पीकरवर घालावेत, कारण आवाजात सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. आमची वाटणी अशी झाली : दोन स्पीकर ८,५००, छोटा अॅम्प्लिफायर ४,५००, वायर व जोडण्या ७००, लोखंडी स्टँड ९००. एकूण १४,६००. स्टँड गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले.

महागड्या वायरचा आग्रह धरला जातो. त्याला बळी पडू नये. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो दोन टक्क्यांच्या आसपास आहे. साधी, पण खरोखर तांब्याची वायर पुरे.

अॅम्प्लिफायर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. टी.व्ही.ला ऑप्टिकल किंवा एच.डी.एम.आय.च्या ए.आर.सी. तोंडाने जोडता यावे. ब्लूटूथने जोडल्यास ओठांची हालचाल आणि शब्द यांत कधी कधी अंतर पडते. स्पीकरचे ओहम त्याला चालणारे असावेत. आणि खर्ज व तीव्र स्वर कमी-जास्त करण्याची बटणे अवश्य असावीत. वडिलांसाठी आम्ही तीव्र बाजू थोडी वाढवून ठेवतो. त्याने व्यंजने पुढे येतात.

जुना माल घ्यायलाही हरकत नाही. फक्त स्पीकरची जाळी काढून पडद्याभोवतीची कडा पाहावी. ती स्पंजाची असेल तर काही वर्षांनी कुजून तिचा भुगा होतो; रबराची अधिक टिकते. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते का, हेही ऐकावे.

दुकानात कसे ऐकावे?

फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी जाणवतो. म्हणूनच दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, तेच आपल्याला भरदार वाटते. विक्रेता जे खपवायचे ते थोडे मोठ्याने लावतो. यावर उपाय एकच : दोहोंचा आवाज सारखा करायला लावावा आणि मग डोळे मिटून ऐकावे.

ऐकवायला आपलेच ध्वनिमुद्रण न्यावे. मी तीन नेली होती. पहिले तानपुऱ्याचे. जवारीमुळे तानपुऱ्याच्या नादात वरच्या स्वरांची दाट झिलई असते; वाईट स्पीकरवर ती झिलई जाऊन नुसता गुणगुणाट राहतो. दुसरे तबल्याचे. शाईमुळे तबल्यातून सुरेल उपस्वर कसे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले होते. दायाँचा सूर आणि बायाँची घुमक वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत. तिसरे मुद्रण माझ्या आईच्या बोलण्याचे, मोबाइलवर केलेले. आईचा आवाज खरा कसा आहे हे आपल्याला कोणत्याही माहितीपत्रकाहून चांगले ठाऊक असते. एका स्पीकरवर आई पडसे झाल्यासारखी बोलू लागली. तो तेथेच बाद झाला.

खोलीचाही वाटा मोठा

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनासे झाले, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्यांची संख्या बदलत आवाज किती वेळ घुमतो ते मोजले. मऊ वस्तू घुमणे शोषून घेतात, हे त्याने गणितात बसवले.

आपल्या घरी फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब किंवा पत्रा. शब्द घुमतात ते यामुळेच. आम्ही समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली आणि खाली सतरंजी घातली. याला एक पैसाही पडला नाही, पण फरक वडिलांनाही जाणवला. स्पीकर लोखंडी कपाटावर चढवू नयेत. कपाटच वाजू लागते. कोपऱ्यात ढकलल्यास खर्ज नको तितका वाढतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. जमिनीवर बसणाऱ्यांच्या घरी ही उंची अडीच फुटांच्या आसपास येते. आमचे स्टँड त्याच मापाने केले आहेत.

जोडणी करताना लाल तोंड लालला व काळे काळ्याला जोडावे. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज कोठून येतो ते कळत नाही. चांगला संच वाईट ठरतो तो पुष्कळदा एवढ्यानेच.

समारोप

आज आमच्या घरी बातम्या पूर्वीपेक्षा कमी आवाजात लागतात आणि वडिलांना त्या कळतात. मालिकांतील कुजबुज मात्र अजून निसटते. तेव्हा ते आईला विचारतात. यंत्राची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. भावाचे दार आता उघडे असते.

आवाज किती मोठा करावा यालाही नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु नियमाहूनही शेजारधर्म मोठा. ज्या कामगाराने दिवसभर मागाचा खडखडाट ऐकला, त्याला संध्याकाळी हवे असतात ते चार स्पष्ट शब्द आणि एखादा अभंग. ते द्यायला पाच हजार वॅट लागत नाहीत.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी म्हण आहे. या खरेदीपुरते मी म्हणेन, ऐकावे विक्रेत्याचे, पण मानावे आपल्या कानाचे. हा लेख वाचून एखाद्या तरी विद्यार्थी मित्राने खोक्यावरील आकडा सोडून यंत्राची मागची पट्टी वाचली, तर माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.