हातोड्याने पुलाचं आयुष्य कळतं का?

प्रश्न : लालबागचा उड्डाणपूल 2011चा. हातोड्याच्या चाचणीतून त्याचं उरलेलं आयुष्य कळेल? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही. हा हातोडा, म्हणजे रिबाउंड हॅमर, फक्त काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. खरी ताकद कळायला काँक्रीटमधून दंडगोल नमुने (कोअर) काढून ते दाबून फोडावे लागतात. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या क्यूब-ताकदीच्या 85 टक्के हवी, एकही 75 टक्क्यांच्या खाली नको. पण ताकद म्हणजे आयुष्य नव्हे; त्यासाठी थकवा, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या ताणाने येणारा कमकुवतपणा, सळया आणि केबलींत शोधायचा. प्रत्येक ट्रकमागे त्यांच्यावरचा ताण किती खालीवर होतो आणि किती वेळा, त्यावर आयुष्य ठरतं. गंजाने खड्डे पडलेली सळई फार लवकर थकते; मुंबईच्या खाऱ्या हवेत मी आधी गंजच मोजेन. ऑडिटचा शेराही पुरेसा नसतो: सीएसएमटीचा हिमालय हा पादचारी पूल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीपुरता ठरला होता. 14 मार्च 2019ला तो कोसळला. म्हणून ‘सुस्थितीत’ अशा शेऱ्यावर थांबू नका, चाचण्यांचे आकडे मागा.