तुरीच्या डाळीची पेटी : बांधणी आणि लेबल

चिखली तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील भागात मोडतो. खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही येथील प्रमुख पिके होत. तूर बाजार समितीच्या आवारात विकली म्हणजे शेतकऱ्याचे काम पोत्यापाशी संपते. पण शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट स्वतः डाळ पाकिटबंद करून शहरातील दुकानदारास पाठवू लागला, की मोजमापापासून नावनिशीपर्यंतची सर्व जबाबदारी त्याच्याकडे येते. डाळ उत्तम असूनही केवळ पेटीवरील मजकूर चुकल्यामुळे माल परत येऊ शकतो, आणि जाण्यायेण्याचे भाडे बहुधा पाठविणाऱ्याच्याच माथी बसते.

प्रथम पाकिटाचा विचार करावा. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये पाकिटावर भरणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क यांचा उल्लेख आवश्यक असतो. अन्नसुरक्षा कायद्यानुसार १४ अंकी परवाना अथवा नोंदणी क्रमांक, घाणा क्रमांक (बॅच नंबर), पाकीट भरल्याची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख व शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्हही लागते. निव्वळ वजन म्हणजे पिशवी वगळून फक्त डाळीचे वजन. काट्यावर भरलेली पिशवी ठेवून १ किलो पाहणे ही चूक वारंवार आढळते. तशी पिशवी ग्राहकास प्रत्येक वेळी कमी माल देते.

भाषेची एक बाब पुष्कळांस ठाऊक नसते. हा मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला खुशाल छापावी, परंतु केवळ मराठीतील लेबल नियमास पुरे पडत नाही. वजन, किंमत व तारीख यांचे आकडेही लोक ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतात त्या रूपातच द्यावेत.

आता पेटी. १ किलोची २० पाकिटे एका पेटीत भरली तर ती एका माणसास उचलता येते. पेटीवर नियमाप्रमाणे भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव आणि आतील पाकिटांची संख्या किंवा एकूण निव्वळ वजन असावे. दुकानदाराच्या गोदामास याहून अधिक हवे असते : घाणा क्रमांक, अंतिम तारीख आणि त्याच्या मागणीपत्राचा क्रमांक. हा मजकूर झाकणावर छापू नये, कारण थप्पी लागली की झाकण दिसत नाही. लगतच्या दोन बाजूंवर तोच मजकूर असावा, म्हणजे थप्पीत एक तरी बाजू वाचता येण्याची शक्यता वाढते.

खरा घोटाळा बारकोडात होतो. पाकिटावरील १३ अंकी क्रमांक एका पाकिटाची ओळख देतो. भारतात जीएसवन इंडिया या संस्थेकडून मिळणारे हे क्रमांक ८९० ने सुरू होतात. पेटीस मात्र वेगळा, १४ अंकी क्रमांक द्यावा लागतो. समजा, गटाने ५० पेट्या पाठविल्या व प्रत्येकीवर पाकिटाचाच बारकोड चिकटविला. गोदामातील यंत्र प्रत्येक पेटी म्हणजे एक पाकीट असे समजते. बिल १००० पाकिटांचे, आवक मात्र ५० ची, आणि उरलेल्या ९५० पाकिटांचे पैसे तंट्यात अडकतात. बारकोड पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांचा असावा. लाल रेघा लाल प्रकाशाच्या यंत्रास दिसत नाहीत. तो पेटीच्या तळापासून ३२ मिलिमीटर वर व उभ्या कडेपासून निदान १९ मिलिमीटर आत लावावा. कोपऱ्यावरून वळवून चिकटविलेला बारकोड वाचला जात नाही. रंगीत चित्रांवर खर्च करण्यापूर्वी एवढे साधले तरी पुष्कळ.

पेटीच्या पुठ्ठ्याकडेही लक्ष द्यावे. चिखलीस रेल्वे नाही. माल ट्रकने जातो आणि वाटेत दोनतीन ठिकाणी उतरतो-चढतो. पुठ्ठ्यातील नागमोडी पदर उभे असले तरच पेटी भार पेलते. थप्पीत पेटीवर पेटी नेमकी बसवावी, कारण भार मुख्यत्वे चार कोपरे उचलतात. विटांप्रमाणे आडव्या-उभ्या रचलेल्या थराला हा आधार मिळत नाही. दमट हवेत पुठ्ठ्याचे बळ झपाट्याने घटते, म्हणून पावसाळ्यात पेट्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवाव्यात. छत्रीचे चिन्ह छापले म्हणजे पेटी भिजत नाही, असे कोणी समजू नये. डाळ पूर्ण वाळलेली नसेल, तर बंद पिशवीत तिला बुरशी व कीड लागते. त्यावर कोणतेही लेबल उपाय नव्हे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने गटापुढे एक प्रात्यक्षिक करावे. बंद पेटी तिची माहिती नसलेल्या एखाद्या माणसापुढे ठेवावी आणि आत काय आहे, किती आहे, कोणत्या घाण्याचे आहे व केव्हापर्यंत वापरावयाचे आहे, असे विचारावे. उत्तरासाठी त्याला चिकटपट्टी कापावी लागली तर लेबल पुन्हा करावे. गाडी निघण्यापूर्वी पेट्यांची संख्या पावतीवर नोंदवून चालकाची सही घ्यावी, आणि त्याच पावतीवर घाणा क्रमांक लिहून एक प्रत गटाच्या दप्तरी ठेवावी.