शुश्रूषा करणाऱ्याचा रक्तदाब

सुरत शहराच्या दक्षिणेकडील पांडेसरा येथील रंगाई व छपाईच्या गिरण्यांनी धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना रोजगार दिला. भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेली ही मंडळी तेथेच स्थिरावली. काहींचे आईवडील गावीच राहिले व हातपाय थकल्यावर मुलाकडे आले. अशा वृद्धास स्मृतिभ्रंश जडला, म्हणजे शुश्रूषेचा भार बहुधा सुनेवर किंवा वृद्ध पत्नीवर पडतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, हा विकार आहे. त्यांच्यामागे अहोरात्र जागणाऱ्यांची गणना मात्र त्यात नाही. अपंग वा आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण पडत होता, अशा वृद्धांमधील मृत्यूचे प्रमाण चार वर्षांत इतरांहून शेकडा ६३ ने अधिक असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात १९९९ साली दिसून आले.

याची कारणे घरात शोधावी लागतात. दिवे लागणीच्या सुमारास रुग्ण अस्वस्थ होतो आणि "मला गावी जायचे आहे, गुरे सोडायची आहेत" असा हट्ट धरतो. गुरे विकून वीस वर्षे झाली, हे त्यास पटवू जाणे व्यर्थ होय. त्यातून भांडण मात्र होते. गिरणीत पती बारा तासांच्या पाळीवर, घर एका खोलीचे, आणि रुग्ण रात्री तीनदा दार उघडू पाहतो. झोप मोडते, नाडी जलद चालते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि हे महिनोन्महिने चालल्यास रक्तदाब चढा राहू लागतो. त्याचे लक्षण बहुधा काहीच जाणवत नाही. डोके दुखले तरच दाब वाढला, ही समजूत घातक आहे.

म्हणून रुग्णास दवाखान्यात नेताना सोबत जाणाऱ्या व्यक्तीने आपलाही रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा मिश्री घेऊ नये व पाच मिनिटे स्वस्थ बसावे. निरनिराळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक आढळल्यास उपचार घ्यावेत. महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांत व शासकीय रुग्णालयांत ही तपासणी होते. सुरू केलेली गोळी बरे वाटले म्हणून सोडू नये. दिवसाचे एकूण मीठ चहाच्या एका चमच्याहून अधिक नसावे. ठेचा, पापड व लोणचे यांचा हिशेब त्यातच धरावा.

गावाचा हट्ट धरणाऱ्या रुग्णाशी वाद न घालता गावच्याच गोष्टी विचाराव्यात. डाळ निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांत त्याचे मन रमते. सायंकाळपूर्वीच दिवा लावावा. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. रात्रीची जागरणे मात्र वाटून घेतल्याखेरीज गत्यंतर नाही. पाळीवरून आलेल्या मुलाने आठवड्यातील सुटीची रात्र सांभाळावी. गावाकडील भाऊ-बहिणींनी पैसे पाठवून न थांबता शेतीची कामे आटोपल्यावर पंधरवडाभर येऊन राहावे. सणाला भेटायला येणे निराळे व सेवेला येणे निराळे. मनाचा भार असह्य झाल्यास १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक सल्ला, तर १४५६७ वर ज्येष्ठांसंबंधी मार्गदर्शन विनामूल्य मिळते.