रुसलेली बोगनवेल

प्रश्न: देवनहळ्ळीस आमच्या नव्या घरापुढे दिवसभर ऊन असते आणि पाणी टँकरचे आहे. रोज पाणी घालूनही बोगनवेल फुलत नाही. काय करावे? आणखी कोणती फुलझाडे लावावीत?

उत्तर: आपल्या वेलीस उणीव पाण्याची नसून, बहुधा त्याचे आधिक्यच तिला बाधत आहे, मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेल मुळांना कोरड जाणवली म्हणजेच बहरास प्रवृत्त होते, आणि नित्याच्या पाण्याने व नत्रयुक्त खताने केवळ पालवी वाढवीत राहते. तेव्हा दोन बोटे माती सुकल्याखेरीज तिला पाणी देऊ नये, व बहर ओसरताच शेंडे छाटावेत.

आपल्याकडील तांबडी माती निचऱ्याची खरी, परंतु उन्हाने ती दगडासारखी होते, आणि नव्या घराभोवती तीत सिमेंटचा राडारोडा दडलेला असतो. तो काढून, हातभर खोल खड्ड्यात शेणखत घालून, जूनमध्ये लागवड करावी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मुबलक पावसापर्यंत मुळे स्थिरावतात. सदाफुली, गॅलार्डिया, चिनी गुलाब, कोरांटी आणि पांढरा चाफा ही मंडळी या उन्हात प्रसन्न राहतात. पहिल्या वर्षी मात्र त्यांना आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर पाणी मुरवावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरवरच पसरतात. बुंध्याभोवती वाळल्या पानांचे आच्छादन असावे.

कण्हेरही टिकेल, परंतु ती सर्वांगी विषारी असल्याने घरात लहान मूल असल्यास टाळावी. घाणेरी लावण्यास मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. तिने कर्नाटकातील किती रान गिळले, हे बंडीपूरला जाऊन पाहावे.