तापीवरून पाइपलाइन: परवाने कोणते, खर्च किती

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी नदीकाठापासून लांब असली, तर शेतकऱ्याची नजर तापीकडेच जाते. पाइपचा भाव दुकानदार सांगतो, खोदाईचा जेसीबीवाला. परवान्याचं काय विचारलं की ‘होऊन जाईल’ एवढंच उत्तर मिळतं आणि पैसा नेमका तिथे अडकतो. सरकारी शुल्कं खरं तर अगदी किरकोळ आहेत. भुर्दंड बसतो तो कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे: आधी पाइप, मग चर, मग शेजाऱ्याशी भांडण आणि शेवटी परवाना. तुम्ही परवान्यापासून सुरुवात करा.

नदीचं पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. अर्ज तुमच्या भागातल्या पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे करा. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावला आहे, पण कामाची सुरुवात जवळच्या शाखा कार्यालयापासून होते. सातबारा, आठ-अ, गावनकाशा, जॅकवेल कुठे बसणार आणि पाइप कोणत्या गटांमधून जाणार हे दाखवणारा नकाशा, भिजणारं क्षेत्र, मोटरची अश्वशक्ती ही तयारी घरूनच करून न्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, आठ-असुद्धा तेवढ्यालाच. यासाठी कुणी शंभर-दोनशे मागत असेल, तर ते त्याचं कमिशन आहे. अर्ज दिला की आवक क्रमांकाची पोच तिथल्या तिथे घ्या. पुढे फाइल हलली नाही, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज लागू पडतो, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मात्र त्या अर्जात हा आवक क्रमांक हवा.

आता शेजाऱ्याचं शेत. सगळ्यात जास्त वाद इथे होतात आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच उकळले जातात. संमती मिळत असेल तर उत्तमच, पण ती तोंडी नको. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर गट क्रमांक, पाइपची लांबी, खोली, मोबदला आणि दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क, हे सगळं लिहून घ्या. सातबारावर जितकी नावं, तितक्या सह्या. एका भावाची सही घेतली आणि दुसऱ्याने जेसीबी अडवला, असं गावोगाव घडतं. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, सातबाराच्या इतर अधिकारात नोंद घेण्यासाठी अर्ज करा. उद्या ते शेत विकलं गेलं, तरी नव्या मालकाला पाइप कागदावर दिसेल.

शेजारी नाहीच म्हणाला किंवा वाटेल ती रक्कम मागू लागला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४९ तुमच्यासाठी आहे. विहित नमुन्यात तहसीलदारांकडे अर्ज करा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून आणि चौकशी करून तहसीलदार लेखी आदेशाने तुम्हाला पाइप नेऊ देऊ शकतात. अट एकच: ज्या पाण्यावर तुमचा हक्क आहे, तेच पाणी शेतीसाठी नेता येतं. म्हणून उपसा परवाना आधी हातात हवा. तो नसेल तर शेजारी पहिली हरकत त्यावरच घेईल.

कायद्यातला दर नीट वाचा. जमिनीखालच्या पाइपसाठी दर १० मीटरला किंवा त्याच्या भागाला वर्षाला २५ पैसे भाडं. शेजाऱ्याच्या शेतातून ४०० मीटर पाइप जात असेल, तर वर्षाचे १० रुपये. पिकाची, जमिनीची नुकसानभरपाई वेगळी, ती तहसीलदार ठरवतात आणि ती द्यायलाच हवी. दर वर्षी हजारो रुपये ‘जागाभाडं’ मागणाऱ्यासमोर हा आकडा ठेवा. जमिनीच्या वरून पाइप नेलात किंवा उघडी चारी काढलीत, तर २५ पैशांचा दर लागू होत नाही, भाडं तहसीलदार ठरवतील. चारीची रुंदी दीड मीटरच्या वर चालत नाही.

खोलीबाबत कायदा किमान अर्धा मीटर सांगतो. माझं मत: तेवढ्यावर थांबू नका, मीटरभर खाली जा. खोल नांगरटीत अर्ध्या मीटरवरचा पाइप फुटला, तर चूक कुणाची यावर दोन हंगाम वाया जातात. चर जवळच्या मार्गाने काढा, गरजेपुरतीच खोदा आणि स्वतःच्या खर्चाने बुजवून जमीन पूर्ववत करा. पुढे दुरुस्तीला जाताना शेजाऱ्याला आगाऊ सूचना द्या. उरलेलं पाणी ठरलेल्या दराने घेण्याचा हक्क त्यालाही आहे. हे आधीच सांगितलंत, तर बरेच ‘नाही’ तिथेच ‘हो’ होतात. तहसीलदारांच्या आदेशावर अपील नाही, पण जिल्हाधिकारी प्रकरण मागवून तपासू शकतात.

बांधाचाच वाद असेल, तर भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागतात. वाद नसेल तर हा खर्च करू नका.

रस्ता आडवा आला, तर आधी तो कुणाचा ते विचारा: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम की राष्ट्रीय महामार्ग. परवानगी त्याचीच, अनामतही त्याच्याकडेच. काम संपल्यावर अनामत परत मागायला विसरू नका. पावती जपून ठेवा. पाटचारी ओलांडायची असेल तर पुन्हा पाटबंधारे, रूळ असतील तर रेल्वे.

पाइप नदीच्या पलीकडे न्यायचा असेल, तर प्रकरण मोठं होतं. हतनूर जलाशयापासून खंभातच्या आखातापर्यंतची ४३६ किलोमीटर तापी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे. तिथे आज जहाज दिसत नसलं, तरी पात्र ओलांडणाऱ्या बांधकामाला भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. पाण्याखालच्या पाइपसाठी एकच ठरलेलं माप नाही, निकष प्रकरणागणिक ठरतात, म्हणून आधी आराखडा पाठवा आणि खरेदी मागून करा. मोटरसाठी तार पलीकडे नेणार असाल, तर कमी दाबाच्या तारेखाली १६.५ मीटर आणि ११० केव्हीपर्यंतच्या तारेखाली १९ मीटर उंची मोकळी लागते. एकट्या शेतकऱ्याने या वाटेला जाऊ नये, गट किंवा सहकारी संस्था करूनच जा. पात्रात नुसता पाइप टाकून देण्याचा सल्ला तर ऐकूच नका. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की असा पाइप टिकत नाही, आणि परवाना नसेल तर भरपाई मागायला तोंडही उरत नाही.

अनुदान महाडीबीटीवर. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला हवा, अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. एचडीपीई पाइपला मीटरला ५०, पीव्हीसीला ३५, विनाइल आवरणाच्या पाइपला २० रुपये, पण खर्चाच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५,००० रुपये. म्हणजे पीव्हीसीचं अनुदान ४२८ मीटरवर संपतं. पूर्वसंमती येण्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. ‘आत्ता घेऊन जा, बिल नंतरच्या तारखेचं देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका, तपासणीत तुम्ही अडकाल. पाइपवर आयएसआय छाप आणि बिलावर जीएसटी क्रमांक दुकानातच बघून घ्या.

ठेकेदाराचा भाव मीटरवर ठरवताना विचारा: बेंड, जोड, सोल्युशन, एअर व्हॉल्व्ह, चर बुजवणं आणि पाणी सोडून चाचणी यात धरलंय का? जेसीबीचे किमान तास किती आणि येण्या-जाण्याचं भाडं कुणाचं? कागदावर घ्या. चाचणी होईपर्यंत चर उघडी ठेवा आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा.

चर बुजवण्याआधी शेजाऱ्याच्या प्रत्येक गटात, पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. रीतसर घातलेला पाइप मुद्दाम फोडल्याचं सिद्ध झालं, तरी कलम ४९ खाली दंड दर वेळी जास्तीत जास्त १०० रुपयेच आहे. खरं नुकसान वसूल करायचं झालं, तर हे फोटो, आदेशाची प्रत आणि बिलं लागतील.