यंत्राचा शेरा आणि संचालकाची सही

सहकार खात्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पतसंस्थांच्या संचालकांचे प्रशिक्षणवर्ग घेण्याचे काम माझ्याकडे आले, आणि अलीकडे या वर्गांच्या विषयपत्रिकेत लेखापरीक्षण, थकबाकी, वसुली या जुन्या प्रकरणांच्या शेजारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे नवे प्रकरण येऊन बसले. यंत्र कसे चालवावे हे शिकवणारे तरुण विपुल आहेत व ते आपले काम चोख करतात; परंतु ज्यांच्या ठरावाने ते यंत्र संस्थेत यायचे आणि ज्यांच्या सहीने त्याचे निर्णय सभासदांच्या माथी पडायचे, त्यांची मनोभूमी तयार करण्याचे काम बहुधा राहूनच जाते.

ऊसपट्ट्यातील एका पतसंस्थेने, जिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कर्जअर्जांची छाननी करणारी एक संगणकप्रणाली घेतली. खात्यातील उलाढाल, पूर्वीची परतफेड, वय, व्यवसाय इत्यादी पाहून ती प्रत्येक अर्जाला गुण देई आणि ‘मंजुरीयोग्य’ किंवा ‘जोखमीचा’ असा शेरा मारी. थोड्याच काळात वडिलांच्या वेळेपासून नियमाने कर्ज फेडत आलेल्या ऊसउत्पादकांचे अर्ज एकामागून एक परत जाऊ लागले. प्रणाली ज्या जुन्या प्रकरणांवरून शिकली होती ती शहरातील पगारदारांची होती, आणि म्हणून दरमहा ठरावीक रक्कम जमा होणारे खातेच तिला भरवशाचे वाटे. उसाचे बिल गळीत हंगामात, कारखान्याच्या सवडीने, हप्त्याहप्त्याने येते आणि मधले महिने खाते कोरडे असते, हे गावातले शाळकरी पोरही जाणते; यंत्राला ते कोणी सांगितले नव्हते.

तक्रारी वाढल्यावर मला पाचारण झाले. दप्तर मागवून पाहिले, तेव्हा यंत्राच्या अज्ञानापेक्षा संस्थेने केलेली व्यवस्थाच मला अधिक चिंताजनक वाटली. यंत्राचा शेरा मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला केवळ एक कळ दाबायची होती. अमान्य करणाऱ्याला मात्र सविस्तर टिपणी लिहून व्यवस्थापकांची पूर्वमंजुरी घ्यावी लागे, आणि पुढे ते कर्ज थकलेच तर खुलासाही त्यानेच द्यायचा. परिणामी शेरा कोणी फिरवलाच नव्हता. ज्यांना तालुक्यातील घर न् घर ठाऊक, असे एक जुने वसुली अधिकारी मला म्हणाले, “साहेब, माणसं मला माहीत होती, पण लिहून अंगावर कोण घेणार?” संचालक मंडळाला विचारले, तर उत्तर आले की प्रणालीने ठरवले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित होते तेव्हा ती माणसांवर होते, प्रणालीवर नव्हे, एवढे सांगताच सभेतील बऱ्याच माना वर झाल्या.

असे केवळ आपल्याकडेच घडते, असे मात्र कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सरकारने, कर खात्याकडील वार्षिक उत्पन्नाचे पंधरवड्यांत समान भाग पाडून, ज्यांचे काम हंगामी वा तुटक होते अशा लाखो भत्ताधारकांच्या नावे येणे काढले, आणि ते खोटे ठरवण्याचा भार त्यांच्यावरच टाकला. ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या योजनेत बुद्धिमत्ता म्हणावी असे काहीच नव्हते, साधा भागाकार होता. उत्पन्नाची अशी सरासरी धरणे कायद्यात बसत नाही, असा खात्यांतर्गत सल्ला २०१४ मध्येच मिळूनही ती चालवली गेली, २०१९ मध्ये सरकारला न्यायालयापुढे तिची बेकायदेशीरता मान्य करावी लागली, आणि २०२३ मधील चौकशी आयोगाच्या अहवालाने मंत्र्यांवर व वरिष्ठांवर कठोर ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात परकीय नागरिकत्व हेच जोखमीचे लक्षण मानणारी प्रणाली वापरली गेली, हजारो निरपराध कुटुंबे कर्जबाजारी झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. हा मामला संगणक विभागाचा आहे असे मानणाऱ्या अध्यक्षांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

म्हणून माझ्या वर्गात आता पहिला धडा निराळाच असतो. ज्यांची परतफेड झाली की बुडाली हे आधीच ठाऊक आहे अशी जुनी प्रकरणे, ऊसवाले, दूधवाले, पगारदार, बचत गट अशा सर्व थरांतून निवडून, यंत्राचा शेरा झाकून मी संचालकांपुढे ठेवतो आणि प्रत्येकाला स्वहस्ते निकाल लिहायला लावतो. मग दोन्ही निकाल शेजारी मांडून, कोणत्या थरातील किती अर्ज यंत्राने नाहक नाकारले हे मोजायला सांगतो. यंत्राची पारख याने होतेच, पण संचालकांचे स्वतःचे पूर्वग्रहही उघडे पडतात, आणि त्या वेळी सभागृहात होणारी चुळबूळ मला मोठी उपकारक वाटते. नाकारण्याची कारणे, शेरा यंत्राचा असो वा माणसाचा, लेखी असावीत. अर्जदाराला ती मराठीत, दाद कोणाकडे मागायची त्या अधिकाऱ्याच्या नावासह कळवावीत. मासिक सभेत अधिकाऱ्यांनी किती शेरे फिरवले याचा आकडा ठेवावा, आणि तो सतत शून्य येऊ लागला तर ती चौकशीची वेळ समजावी.

यंत्राशी माझे वैर नाही. तक्रारींची वर्गवारी, सूचनापत्रांचे मसुदे, सभेच्या इतिवृत्ताचा गोषवारा ही कामे ते झपाट्याने करते. मात्र तो मसुदाही वाचल्यावाचून पुढे पाठवू नये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले आणि त्यापायी पाच हजार डॉलरचा दंड झाला.

राहिला करार. सभासदांची माहिती पुरवठादाराच्या हाती देऊन संस्था मोकळी होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही अशा वेळी जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवली आहे. तेव्हा ती माहिती अन्यत्र वापरली जाणार नाही, शेऱ्यामागची कारणे मागताच मिळतील, त्रयस्थाकडून तपासणी करवून घेता येईल आणि करार संपताच संस्थेचे दप्तर संस्थेला परत मिळेल, ही कलमे मसुद्यात नसतील तर अध्यक्षांनी तो मसुदा परत पाठवावा. आणि पुरवठादार फारच घाईत असेल, तर पुढच्या सभेपर्यंत विषयपत्रिकेवरच घेऊ नये.